रकाना सातवा

अहवालाच्या सातव्या रकान्यात विचारलंय :
परदेशी विद्यार्थिनीला रुळवण्यासाठी
शाळेने कोणते उपक्रम राबवले?
जागा दीड ओळीची.

लिहिते. वक्तृत्व, रांगोळी, विज्ञान प्रदर्शन.
स्नेहसंमेलनात नऊवारी नेसवून
तिला मधोमध उभं केलं आम्ही,
देव्हाऱ्यात नवी मूर्ती ठेवावी तसं.
सरपंच उठून टाळ्या वाजवत होते.
दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत
आयनो पाण्याच्या टाकीमागे एकटीच
तांडेलकाकींनी दिलेलं घावन
चार घड्या करून खात होती.
हे लिहायला रकाना नाही.

तिच्या गावी म्हणे बसथांब्यावरही
माणसं दोन-दोन हात सोडून उभी राहतात,
आणि गप्प राहिलं तर कुणी कारण विचारत नाही.
आमच्याकडे अंतर म्हणजे भांडण
आणि गप्प म्हणजे गर्व.
"शिष्ट आसा गो ती," मुली म्हणायच्या.
मीही म्हटलं असेल, मनातल्या मनात, एकदा.

मग जानेवारीत शाल्मलीचा घोटा मुरगळला.
तालुक्याचे सामने आठ दिवसांवर,
राखीव मुली आमच्याकडे कधीच नसतात,
आणि मैदानात नऊ लागतात.

जांभ्याच्या लाल मातीत, सुरूंच्या विरळ सावलीत
तिला उकिडवं बसायला शिकवण्यात तीन दिवस गेले.
गुडघे ऐकत नव्हते.
खांबाला वळसा, मधली पाटी ओलांडायची नाही,
एकदा दिशा धरली की माघारी नाही,
हे सगळं तिला एका दुपारीत कळलं.
कळेना एवढंच, की खो
पाठीला हात लावूनच द्यायचा असतो.

ती धावत यायची, वीतभर अंतरावर थांबायची,
आणि म्हणायची "खो",
झोपलेल्या घराचं दार लोटून घ्यावं तसं.
माझी शिट्टी. फाऊल.
पुन्हा खो, पुन्हा शिट्टी.
पाचव्यांदा सफिना बसल्या जागेवरून कडाडली :
"हात लाव गो! माज्या पाठीक काय काटे आसत?"

शब्द कळले नसणार.
समोरची पाठ कळली असावी.
आयनोने तळहात मातीत घासला, का कुणास ठाऊक,
आणि असा खो दिला
की सुरूवरचे कावळे उडाले.
सफिना उठली ती पळायचं विसरून
मागे वळून बघत राहिली.
तोवर तिच्या चौकोनात
आयनो बसलीसुद्धा होती,
गुडघे मोडून, तोंड समुद्राकडे.

पांढऱ्या गणवेशावर पाच तांबडी बोटं.
आठवडाभरात ती पाठीपाठीवर उमटली.
आया माझ्यावर वैतागल्या,
जांभ्याचा डाग काही केल्या जात नाही.

कुडाळला एका गुणाने हरलो.
येताना टेम्पोत, पुढच्या जागेवरून,
सफिना आणि ती कडाकडा भांडल्या,
एक मालवणीत, एक स्वतःच्या भाषेत,
आणि वेतोरं येईपर्यंत
दोघींनी अबोला धरला.
मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून
कितीतरी दिवसांनी निवांत डोळे मिटले.

आयनो मे महिन्यात गेली.
आज जूनची सतरा, अहवाल उद्या पाठवायचा आहे.
रकान्यात मी लिहिलं : खो-खो.
पुढे "विद्यार्थिनी रुळली" लिहिलं, मग खोडलं.
रुळायचं नेमकं कुणी होतं
हे त्यांनी विचारलेलं नाही.

पाऊस थोडा उघडलाय, बाहेर आठवीच्या मुली
ओल्या मैदानात सरावाला बसल्यात.
कुणीतरी नवखी, लाजत, दुरूनच पुटपुटते "खो".
आणि सफिना, जिला हा तास नाहीच मुळी,
वर्गाच्या खिडकीतून ओरडते :
"जोरात दी गो! आयनो देय होती तसो!"